ओटीत घातलेली लेक

"मुलं किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि बेंबळीच्या उमाबाईंनी सवयीनं "दोन" म्हणून टाकलं. सव्वीस वर्षं हेच उत्तर तोंडात बसलेलं.

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या जठरात कॅन्सर सापडला आणि जठरच काढावं लागलं. तेव्हापासून दिवसातून सहा वेळा दोन-दोन घास खायचे. त्यांची आई आणि भाऊ पोटाच्याच दुखण्यानं गेले. माहेरी सगळे नजर लागली म्हणून मोकळे झाले होते. आता रक्ताच्या तपासणीत खरं ते बाहेर आलं.

"तुमच्या जनुकात एक बदल आहे, आईकडून आलेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या प्रत्येक लेकरात तो यायची शक्यता निम्मी. वेळेवर कळलं तर वाचवता येतं." त्यांनी कागदावर दोन मुलांचे दोन चौकोन काढले.

चौकोनांशेजारची मोकळी जागा उमाबाईंना बघवेना.

"तीन हायत," त्या म्हणाल्या. "एक लेक हाय. पर ती मला काकू म्हणती."

डॉक्टरीणबाईंनी शेजारी एक गोल काढला. लेक भावांच्या शेजारी पहिल्यांदाच दिसली.

उमरग्याच्या थोरल्या जाऊबाईंना, कडूबाईंना, मूलबाळ नव्हतं. उमाबाईंना दोन मुलांवर मुलगी झाली, तेव्हा सासूच्या शब्दाखातर बाराव्या दिवशी त्यांनी ती जावेच्या ओटीत घातली. पोरीला कधी कळू द्यायचं नाही, एवढंच ठरलं. शिवांजली हे नावही जावेनंच ठेवलं. सणावाराला पोर बेंबळीला यायची, "काकू, भूक लागली" म्हणायची, आणि ती परत गेली की उमाबाई तिचं ताट लवकर घासायच्या नाहीत. दिवस गेले की माणूस विसरतं म्हणणाऱ्यांनी एकदा पोर देऊन बघावी.

उमाबाई उमरग्याला गेल्या. सगळं ऐकून कडूबाईंनी आधी दार लावून घेतलं.

"उमा, माझी पोर न्यायला आलीस काय गं?"

"न्हाय आक्का. तिचं रक्त तेवढं तपासू द्या. मग पुन्यांदा तोंड उघडणार न्हाय."

शेवटी कडूबाईंनीच शिवांजलीला समोर बसवून सांगितलं. तिनं एकदा आईकडं, एकदा काकूंकडं बघितलं. मग एवढंच विचारलं, "रक्त कधी द्यायचं?"

तीन आठवडे उमाबाई रोज देवापुढं एकच मागत होत्या: माझ्यातलं तिच्यात काही नको. धाकट्या मुलात तो बदल निघाला, त्याच्या जठराची तपासणी सुरू झाली, तेव्हा तर त्यांचा धीरच सुटला.

रिपोर्ट ऐकायला तिघी गेल्या. "शिवांजलीमध्ये तो बदल नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कडूबाईंना हुंदका फुटला.

"आई, रडू नको की," म्हणत शिवांजलीनं त्यांना मिठी मारली.

उमाबाईंचे हात आपसूक जोडले गेले. देवानं ऐकलं होतं. आणि त्याच क्षणी पोटच्या पोरीकडं बघताना त्यांना वाटलं, एकदाच, नुसतं एकदाच, तिनं आपल्याकडं वळून तसं म्हणावं.

शिवांजली वळली. तिनं पिशवीतून दूध-भाकरीचा डबा काढला, भाकरीचा तुकडा मोडला आणि दुधात बुडवून त्यांच्या तोंडापाशी धरला.

"काकू, तुमची खायची वेळ झाली."

डॉक्टरांनी घास सावकाश चावायला सांगितलेलाच होता. उमाबाईंनी तो इतका सावकाश चावला, की दुसरा घास हातात धरून शिवांजली कितीतरी वेळ त्यांच्यासमोर बसून राहिली.