विमानाच्या वाटेखालची शाळा

आमच्या गावच्या शाळेच्या फाटकावर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. भूमिदाता म्हणून, पितळी अक्षरांत. रोज सकाळी मुलीला सोडायला जाते तेव्हा ते नाव समोर येतं आणि माझं डोकं फिरतं.

नाशिकहून विमानतळाकडे जाताना जी गावं लागतात, त्यातलं आमचं एक. नवरा अंबडला कंपनीत जातो, झेंडू-शेवंतीचं मी आणि सासरे बघतो. त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. धावपट्टीच्या अगदी सरळ रेषेत आमचा एक तुकडा होता. उतरणारी विमानं त्याच्यावरून इतकी खालून जायची, की फुलं खुडताना मान आपोआप आत जायची. झेंडूला त्याचा काही त्रास नव्हता.

आबांना तिथे दोन मजली मंगल कार्यालय बांधायचं होतं. विमानाच्या वाटेत तेवढी उंची चालत नाही, म्हणून परवानगी मिळाली नाही. त्यावरून आबा कितीतरी दिवस सरकारच्या नावाने बोटं मोडत होते. मग जुन्या शाळेच्या भिंतींना तडे गेले, नवी जागा हवी असं निघालं, आणि एका सकाळी चहा पिता पिता आबा दानशूर झाले. जो तुकडा त्यांच्या लेखी कशाच्याच कामाचा उरला नव्हता, तो त्यांनी पोरांना देऊन टाकला.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे. त्या मशीनला बाईंचा आवाज कुठला आणि विमानाचा कुठला ते कळत नाही, ते सगळंच कानात ओततं. शेतात विमान आलं की ती मशीन उपसून काढायची आणि माझ्या पदरात तोंड खुपसून रडायची. आबांनी हे कितीदा तरी पाहिलं होतं. तिला उचलून कडेवरही घेतलं होतं.

ग्रामसभेला नगररचनेचे एक साहेब नकाशा घेऊन आले. साधा, घसा बसलेला माणूस. म्हणाले, "विमानाखाली असं काही ठेवा, जिथे कुणी शिकत नाही, झोपत नाही, आजारी पडून नाही. गोदाम ठेवा, फुलं ठेवा. शाळा नको." नदीकडची शांत जागा सोसायटीच्या कांद्याच्या गोदामासाठी धरली होती. मी उठले आणि म्हणाले, "मग अदलाबदल करा ना. गोदाम आमच्या तुकड्यात, शाळा नदीकडे. कांद्याला कुठे ऐकायचंय?"

बायका हसल्या. पुरुषांतलं कुणी हसलं नाही. सरपंच म्हणाले, "वहिनी, आबांनी ते शाळेसाठी म्हणून दिलंय. तिथं गोदाम बांधलं तर त्यांचा लय अपमान होईल."

हा आमच्या गावाचा जुना रोग आहे. दान म्हटलं की हात जोडायचे, ते कसलं आहे ते बघायचं नाही. देवळाला कुणी तडा गेलेली घंटा दिली तरी आम्ही ती वाजतगाजत नेऊन टांगू. मला त्या क्षणी सगळ्या सभेचा राग आला, पण खरा राग एकाच माणसाचा. आबांनी नुसतं 'चालेल' म्हटलं असतं, तर काम झालं असतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

आबांनी टोपी नीट केली. "पोरांना सवय होऊन जाती," ते म्हणाले. "आपल्याला नाय झाली का?"

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. गावाने त्यांना शाल-नारळ दिला, चहा पाजला आणि ठरलेल्या जागी शाळा बांधायला घेतली.

बाई चांगल्या आहेत, त्यांना मी बोल लावत नाही. विमान आलं की खडू हातात धरून थांबतात, ते गेलं की पुन्हा सुरू करतात. मशीन काढून ठेव बाळा, असं माझ्या मुलीला त्यांनीच सांगितलं. दुसरं काय सांगणार? आधी ती विमानापुरतं काढायची. मग सारखं घालणं-काढणं नको म्हणून तास संपेपर्यंत. आता मशीन सकाळी दप्तराच्या कप्प्यात जातं आणि घरी आल्यावरही तिथेच राहतं. 'स' आणि 'श' ती किती मेहनतीने वेगळे म्हणायला शिकली होती. ते पुन्हा एक झाले आहेत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, आबांना कसं बोलायचं.

परवा संध्याकाळी ती ओट्यावर पाठमोरी बसून माझ्यासोबत फुलं ओवत होती. आबा शेतातून आले, पायरीवर टेकले आणि तिला हाक मारली, "पाणी आण गं बाळे." ती ओवत राहिली. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग आणखी मोठ्याने. आकाशात तेव्हा काहीसुद्धा नव्हतं. मला तिच्या खांद्याला हात लावून सांगता आलं असतं. मी लावला नाही.

"ऐकत का नाय ही?" आबांनी मला विचारलं.

"सवय झाली तिला, आबा," मी म्हणाले.