दुनाखे रीडरांचा राजीनामा

दुनाखे रीडरसाहेबांना तुम्ही काहीही सांगा, ते आधी म्हणायचे, "पान सांगा." दूधवाला म्हणाला, साब, कल छुट्टी. "पान सांगा." मी म्हटलं, रीडरसाहेब, तुमचा स्वेटर उलटा घातला गेलाय. "पान सांगा." चौतीस वर्षं त्यांनी जिल्हा कोर्टात जजच्या पुढ्यात बसून फायली मागे-पुढे केल्या आणि तारखा दिल्या होत्या. त्या कामाला आमच्याकडे रीडर म्हणतात. कुठल्या तरी कागदाच्या कुठल्या तरी पानावर नसलेली गोष्ट घडू शकते, हे त्यांना पटतच नसे. रिटायर होऊन ते इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. एकटेच. बायको कधीचीच गेलेली, मुलगा भोपाळला.

आमची खरी ओळख एका डब्यामुळे झाली. माझी लेक मंजू नोकरीला हैदराबादला गेली, तेव्हा तिचा खेळाचा एक डबा घरीच राहिला. आत जाड इंग्रजी पुस्तक आणि वीस तोंडांचा फासा. पट नाही, सोंगट्या नाहीत. फोनवर तिने सांगितलं ते एवढंच की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कोणी जादूगार, कोणी योद्धा, आणि जमेल की नाही असा प्रश्न आला की फासा टाकायचा. मला इंग्रजी येतं ते औषधाच्या बाटलीपुरतं. म्हणून डबा रीडरसाहेबांकडे नेला. त्यांनी पुस्तक उघडलं, नियमावली आहे हे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू माहेरचं कोणी भेटलं असावं. अकरा दिवस दार लावून वाचत होते. बाराव्या दिवशी मला म्हणाले, "शैलाताई, तीन पक्षकार लागतील. गुरुवारी तीन वाजता. चहा माझ्याकडे."

पक्षकार म्हणजे खेळणारे. गोष्ट सांगणाऱ्याला मंजूच्या पुस्तकात काहीतरी तळघराचा मालक म्हटलं होतं, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. "मालक कसला? पीठासीन अधिकारी म्हणा." तर असे ते आमचे पीठासीन अधिकारी. मी झाले चोर. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून झाले, पण खरं सांगते, मला ते फार जमलं. चौधरीजी जादूगार. त्यांचं मानपुरला हायवेवर टायरचं दुकान होतं, आता मुलाला देऊन इथे आलेले. मराठी समजतं, बोलतात हिंदीच. आणि तिसऱ्या आमच्या पुष्पावहिनी, पुण्याच्या. लग्न होऊन इंदूरला येऊन चाळीस वर्षं झाली तरी आमचं मराठी दुरुस्त करायचं काही सोडलेलं नाही. भाऊजी गेल्यापासून त्या घराबाहेरच पडत नव्हत्या. मी हात धरून आणलं. पहिल्या गुरुवारी कोपऱ्यात बसल्या. दुसऱ्या गुरुवारी वसुंधरा नावाची तलवारवाली झाल्या आणि चार दरोडेखोर कापून काढले. घरी जाताना म्हणाल्या, "शैला, मला आज भूक लागली गं."

दोन वर्षं असं छान चाललं. मग मंजूने त्याच खेळाची नवी, बदललेली आवृत्ती पाठवली. रीडरसाहेबांनी तिला खाकी कव्हर घातलं आणि वर लाल शाईने लिहिलं, 'संशोधित'.

वहिनी म्हणाल्या, "संशोधन म्हणजे शोध लावणं. हे हिंदी झालं. सुधारित म्हणा."

"वहिनी, कोर्टात कायदा संशोधितच होतो."

"कोर्टात होत असेल. मराठीत सुधारतो."

त्यांनी मुकाट्याने खोडून 'सुधारित' लिहिलं, पण त्यांना लागलं. त्या दिवसापासून ते वहिनींसमोर जपून, पुस्तकी मराठी बोलायला लागले. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण यातूनच झालं.

त्यातच स्नेहलतागंजातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे त्यांना आणखी एक चोपडी सापडली. कोणीतरी छापायला दिली आणि न्यायलाच आला नाही. खेळ जवळपास तोच, पण नियम निराळे. ज्यांना नवी आवृत्ती पटली नव्हती त्या लोकांनी आपली वेगळी बनवली होती. चौधरीजींना एका वाक्यात समजलं. "मतलब भाई-भाई अलग हो गए. चूल्हा अलग." रीडरसाहेबांनी तिला कव्हर घातलं आणि लिहिलं, 'पर्यायी'. मग कोर्टाच्या हिरव्या कागदावर मधोमध रेघ मारून डावीकडे सुधारित, उजवीकडे पर्यायी, असा तक्ता सुरू झाला. सुधारितमध्ये जादूगाराला दिवसाला मोजके मंत्र. पर्यायीमध्ये हवे तितके, पण दर मंत्राला धाप लागते. चौधरीजी म्हणाले, "भिया, धाप तो मुझे जीना चढ़ने में लगती है, मंत्र में भी लगवाओगे क्या?" सुधारितमध्ये चोराला कुलूप उघडायला एकदा फासा, पर्यायीमध्ये तीनदा, पण कोणी बघत नसेल तर. मी विचारलं, "कोणी बघत असताना कुलूप कोण उघडतं?" त्यांनी माझा प्रश्न 'हरकत क्रमांक चार' म्हणून नोंदवून घेतला.

आणि अशा सगळ्या गडबडीत वसुंधरा मेली. म्हणजे पूर्ण नाही मेली. एका गुहेत राक्षसाने तिच्या डोक्यात ओंडका घातला आणि ती पडली. सुधारित नियम असा की पडलेल्याने फासा टाकायचा. तीनदा दहाच्या खाली पडला की मृत्यू. वहिनींनी टाकला, चार. पुन्हा टाकला, दोन. तिसऱ्यांदा हात उचलला, फाशाकडे बघितलं, मूठ बंद केली आणि फासा पर्समध्ये टाकून चेन लावली.

रीडरसाहेब म्हणाले, "वहिनी, मुद्देमाल पक्षकाराच्या ताब्यात ठेवता येत नाही."

"माझी वसुंधरा मेली तर मी परत येणार नाही," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. "मी घरी एकदा हे सगळं केलंय. पुन्हा गुरुवारी तीन वाजता करायला मी येणार नाही."

चौधरीजींनी शेवेची वाटी उगाच त्यांच्याकडे सरकवली. मग रीडरसाहेबांनी उजवीकडचा रकाना बघितला आणि घाईने सांगितलं, की पर्यायीप्रमाणे मृत्यू नाही, माणूस उठतो, फक्त एक कायमची खोट राहते. एक पाय लंगडा, एक डोळा, किंवा वाचा.

"लंगडी? मला माझे गुडघे आहेत तेवढे पुरे. वसुंधरा धावते म्हणून तर मी येते."

म्हणजे एका पुस्तकात बाई मरते, दुसऱ्यात लंगडते, आणि दोन्हींमध्ये वहिनी परत घरात जाऊन बसतात. मी रीडरसाहेबांना दारात गाठलं. म्हटलं, द्या ना सोडून, कोणाला कळतंय, तिसऱ्यांदा टाकला आणि वीस पडला म्हणा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या खिशात पाकीट सरकवत होते. "शैलाताई, मी ऐकतोय. रेकॉर्डवर घेत नाही." मग हळूच म्हणाले, "आठवडाभर द्या. दोन्ही पुस्तकं पुन्हा वाचतो. वहिनी आल्या नाहीत तर हे टेबल मोडतं, हे मला दिसत नाही का?"

बुधवारी मोलकरणीच्या हातून वहिनींकडे चिठ्ठी आली. सुंदर अक्षर, एक शब्द हिंदी नाही. 'दोन्ही नियमावल्यांचे सविस्तर अवलोकन केले. दोहोंतूनही मार्ग निघत नाही. सबब राजीनामा हाच एक मार्ग उरतो. तो तयार केला आहे. कळावे.'

वहिनींनी मला बोलावून ती दाखवली. "बघ. माझ्यामुळे माणसाने पद सोडलं. कळावेसुद्धा लिहिलंय." मी दोनदा वाचली. राजीनामा स्पष्टच होता. मी चौधरीजींना फोन करून सांगितलं, "रीडरसाब ने इस्तीफा दे दिया." ते म्हणाले, "अरे, खेल से भी कोई इस्तीफा देता है?" मी म्हटलं, ते देतात.

गुरुवारी कोणी गेलं नाही. राजीनामा दिलेल्या माणसाकडे काय तोंडाने जायचं? पुढच्या गुरुवारीही नाही. वहिनी पडदे लावून बसल्या. फासा पर्समध्ये, पर्स कपाटात. मला वाटायचं, रीडरसाहेबांनी निदान एकदा येऊन विचारावं. ते येत नव्हते, म्हणून माझाही राग वाढत होता. तिसऱ्या आठवड्यात चौधरीजी आमच्याकडे पोहे खायला आले, तेव्हा मी तावातावाने माझ्याकडेच राहिलेली ती चिठ्ठी वाचून दाखवली.

चौधरीजींनी घास थांबवला. "फिर से पढ़ो. क्या लिखा है?"

"राजीनामा."

"तो इस्तीफा किसने बोला?"

"तेच ना."

"काहे का तेच, शैलाजी? मानपुर वाली जमीन का मेरा और मेरे भाई का राजीनामा इन्हीं की कोर्ट में हुआ था. दोनों राजी, दोनों के दस्तखत, मामला खतम. भिया समझौता लिख के बैठे हैं, और तुम लोग मातम कर रिये हो."

मी इंदूरचीच. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चिठ्ठी इतकी शुद्ध मराठीत होती, की मी ती शुद्ध मराठीतच वाचली. आणि ज्याला हिंदीत कळली असती, त्याला मी चिठ्ठी दाखवलीच नव्हती, मोठ्या शहाणपणाने भाषांतर करून सांगितली होती. पोहे तसेच टाकून आम्ही वहिनींना उठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी कपाटातून पर्स काढली.

रीडरसाहेबांकडे टेबल मांडलेलं होतं. चार कप, शेवेची वाटी, दोन्ही पुस्तकं. मंगळवार होता, तरी. म्हणाले, "दोन गुरुवार वाट पाहिली. मग म्हटलं, पक्षकारांना तडजोड मान्य नसेल. मांडून ठेवलं होतं, आवरलं नाही इतकंच." त्यांच्या वहीत दोन्ही तारखांना आमची तिघांची नावं आणि पुढे 'गैरहजर' लिहिलेलं होतं.

राजीनामा हिरव्या कागदावर होता. वादी वसुंधरा, प्रतिवादी राक्षस. कलम एक, प्रतिवादी वादीचे प्राण जसेच्या तसे परत करील. कलम दोन, वादी यापुढे प्रतिवादीच्या गुहेत विचारल्याशिवाय शिरणार नाही. कलम तीन, कोणताही पक्ष सुधारित अथवा पर्यायी पुस्तकाचा हवाला देणार नाही. वहिनींनी शेवटपर्यंत वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली.

"आता प्रतिवादी," रीडरसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. राक्षस असताना ते चष्मा काढायचे. मग जाड आवाजात म्हणाले, "मला लिहिता येत नाही." चष्मा घातला. "अंगठा चालेल." चष्मा काढला. "कुठे लावू?" चष्मा घातला, शाईचं पॅड उघडलं, डाव्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर असा दाबला की टेबल हललं. चौधरीजी म्हणाले, "राक्षस से पूछ लो, चाय लेगा क्या." राक्षसाने दोन कप घेतले.

"माझा शब्द चुकला का हो वहिनी?" नंतर अंगठा पुसत त्यांनी विचारलं.

"शब्द बरोबर होता," वहिनी म्हणाल्या. "आम्हीच वाचायला कमी पडलो." चाळीस वर्षांत त्यांनी असं कोणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मग त्यांनी पर्सची चेन उघडून फासा त्यांच्यापुढे ठेवला.

पुढे चार वर्षं आम्ही खेळलो. दोन्ही पुस्तकांचा तक्ता वाढत गेला आणि अडलं की तिसरंच काहीतरी ठरत गेलं. गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी पेपर वाचता वाचता रीडरसाहेब गेले. अगोदरच्या गुरुवारी त्यांनी आम्हाला एका डोंगरातल्या लोखंडी दारासमोर आणून सोडलं होतं. चौधरीजींच्या जादूगाराने दार ठोठावलं होतं, आणि पाच वाजले म्हणून खेळ तिथेच थांबला होता.

त्यांच्या मुलाने वह्या आम्हाला दिल्या. आम्ही तिघांनी बसून पान न् पान बघितलं. डावा रकाना, उजवा रकाना, माझ्या एकशेबारा हरकती. दारामागे काय होतं ते कुठेच नाही. एवढा पान विचारणारा माणूस, सगळी गोष्ट तोंडी सांगत होता. एक ओळ लिहून ठेवली नव्हती.

चौधरीजी म्हणाले, "आपन में से कोई बता दे, क्या है अंदर." मी वहिनींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग त्यांनी वही ओढली, त्या दिवसाची तारीख घातली, तिघांची नावं लिहिली आणि पुढे 'हजर' लिहिलं. खाली लिहिलं, 'दार ठोठावले. आतून उत्तर नाही. पुढील तारीख, गुरुवार.'

आता टेबल वहिनींकडे असतं. चौधरीजी ठोठावतात, आम्ही जरा वेळ ऐकतो, वहिनी लिहितात, आणि मग चहा होतो.