गुंडेरावकाकांची रेकी

गुंडेरावकाका तंबूत शिरले ते सहज. बाहेर यायच्या वेळी अडकले. दोन्ही हात जमिनीवर, एक गुडघा टेकलेला आणि दुसरा वाकायला तयार नाही. शेवटी मी बाहेरून, मृणालने आतून आणि शेजारच्या शेतातल्या हौसाबाईंनी बाजूने आधार देऊन त्यांना उभं केलं. काकांनी पँटची माती झटकली. आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाले, "माझ्यामुळं कार्यक्रम मोडू नका. मी काही येत नाही."

आणि ते हळूहळू चढ चढून गाडीत जाऊन बसले.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. मुळशीच्या तलावाकाठी, माले गावाच्या हद्दीत आम्ही रेकीला गेलो होतो. रेकी म्हणजे कॅम्पच्या आधी जागा जाऊन बघणं. पाणी कुठे, सावली कुठे, गाडी कुठवर येते, जवळचा दवाखाना किती लांब, हे सगळं तेव्हाच ठरतं. मी हे काम वीसेक वर्षं करते आहे. शाळांचे, कॉलेजांचे, कंपन्यांचे कॅम्प आखते. डोंगर चढायचं शिक्षण घेतलेली बाई आहे, त्यामुळे जागा बघायचा मला जरा गर्वच होता.

मृणाल हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआर मॅनेजर. तिच्याकडची बरीच मुलं लातूर, अमरावती, जळगाव इकडची. रिटायर झालेले आईवडील त्यांच्याकडे राहायला आलेले. दिवसभर मुलं ऑफिसात आणि म्हातारी माणसं दहाव्या-बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत. मृणालने ठरवलं की यंदा टीम आउटिंगला आईवडिलांना न्यायचं. एक रात्र तलावाकाठी तंबूत. सव्वीस ज्येष्ठांनी नावं दिली होती. सगळ्यात मोठ्या आजी अठ्ठ्याहत्तरच्या.

गुंडेरावकाका त्यातलेच. मूळचे उदगीरकडचे, एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर. आता हिंजवडीजवळ नेऱ्याला मुलाच्या फ्लॅटवर राहतात. रेकीला एक ज्येष्ठ सोबत आणा, असं मीच मृणालला सांगितलं होतं. खरं सांगायचं तर प्रवास झेपतो का, एवढंच मला बघायचं होतं. तंबूचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. डोम टेंट म्हणजे ते कमरेएवढे गोल तंबू. आत रांगत जायचं आणि पातळ मॅटवर झोपायचं. इतकी वर्षं मी तेच लावत आले. त्यात शिरताना माणसाला काय काय वाकवावं लागतं, हे मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. मला फार लाज वाटली.

जागाही चुकलीच होती. मृणालने ती ड्रोनच्या व्हिडिओवरून निवडली होती. पाणी ओसरल्यावर काठाला जो सपाट गाळ उघडा पडतो, तो वरून मैदानासारखा दिसतो. जमीन हौसाबाईंच्या शेताला लागून. त्या पासष्टीच्या, घरची शेती स्वतः बघणाऱ्या. आम्ही तंबू उभा करत होतो तेव्हा त्या नुसत्या बघत उभ्या होत्या. काका गाडीकडे गेल्यावर मला म्हणाल्या, "बाई, हितं दिसायला ग्वाड हाय. पर चारच्या पुढं वारं लई सुटतं. तुमचं तंबू काय ऱ्हायचं न्हाईत."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी इचारलं कुटं?"

ऑफिसला परतल्यावर आमच्या सरांना सगळं सांगितलं. सर म्हणजे आमच्या छोट्या कंपनीचे मालक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की ज्येष्ठांना वगळा, तरुण मंडळींचा कॅम्प करा. कोणी पडलं, हाड मोडलं, तर जबाबदार कोण? चूक नव्हतं त्यांचं. पण मृणालला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की आईवडील नसतील तर कॅम्पच नको. मी सरांकडे दहा दिवस मागितले.

"दहा दिवसांत गुडघे बदलणार आहात का त्यांचे?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "तंबू बदलते."

दुसऱ्या दिवशी एकटीच हौसाबाईंकडे गेले. या वेळी आधी विचारलं. त्यांनी मला शेताच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे जांभळीची आणि हिरड्याची दाट झाडी सुरू होते. झाडीच्या कडेला भाताचं एक मोकळं खाचर होतं. डांबरी रस्ता हाकेच्या अंतरावर, वारा झाडांनी अडवलेला आणि फांद्यांमधून खाली तलाव दिसतो. बोलता बोलता हौसाबाई टेकल्या त्या बांधावर, खाली नाही. मी त्यांना विचारलं की घरी कशावर झोपता. त्या म्हणाल्या, "खाटंवर. खाली झोपलं तर मला उठवाया दोन सुना लागत्यात."

उत्तर तिथेच होतं. मालेतल्या जवळजवळ प्रत्येक घरात एखादी जादा लोखंडी खाट असते. हौसाबाईंनी बचत गटाच्या बायकांना सांगितलं आणि चार दिवसांत सव्वीस खाटा जमल्या. काही बुटक्या होत्या, त्यांच्या पायांखाली विटा घातल्या. बसल्यावर कंबर आणि गुडघा एका उंचीवर आले की माणूस स्वतः उठतो, एवढा साधा हिशोब. तंबूंसाठी पौडच्या मांडववाल्याला गाठलं. त्याच्याकडे जुन्या राहुट्या होत्या, कॅनव्हासच्या, माणूस ताठ उभा राहील एवढ्या उंच. दारातली खालची पट्टी पायात येईल म्हणून कापून टाकली. कमोडच्या खुर्च्या आणल्या. राहुटीपासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर जाड दोर बांधला, धरून चालायला. तलावाकडच्या उतारावर हौसाबाईंच्या मुलांनी बांबू ठोकून पायऱ्या केल्या, आणि दर वीस पावलांवर मी प्लास्टिकची एक खुर्ची ठेवली.

आता तपासणार कोण? मी नेऱ्याला गुंडेरावकाकांच्या घरी गेले. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"परत कशाला? पुन्हा अडकवायला?"

"नाही काका. पाहुणे म्हणून नका येऊ. गाडी डेपोतून काढण्याआधी तुम्ही ब्रेक तपासायचात ना? तसं तपासायला या."

 ते आत गेले आणि पँट बदलून आले.

त्या दिवशी काकांनी आमची परेडच घेतली. खाटेवर बसले, उठले, पुन्हा बसले. दोराला लोंबकळून बघितलं. मग तीन दोष काढले. खुर्च्यांचे पाय भुसभुशीत मातीत रुतत होते, खाली फळ्या हव्यात. टॉर्च ठेवायला खाटेच्या उशाशी खिसा हवा, रात्री उठणारा माणूस तो शोधत बसणार नाही. आणि पायऱ्यांच्या कडांना चुना हवा, कारण मोतीबिंदूवाल्याला मातीची पायरी मातीसारखीच दिसते. तिन्ही गोष्टी माझ्या वहीत नव्हत्या. संध्याकाळपर्यंत तिन्ही झाल्या. काका खाली पाण्यापर्यंत जाऊन आले, चार खुर्च्यांवर टेकत. वर आल्यावर मृणालला फोन करून म्हणाले, "गाडी रोडवर काढायला हरकत नाही."

काकांचा शेरा ऐकून सरांनी होकार दिला, पण कॅम्पच्या दिवशी स्वतः आले. काही बिघडलं तर समोर असावं म्हणून असेल. मृणालच्या कंपनीतल्या कोणा साहेबांना फोटोसाठी पाणी मागे हवंच होतं, म्हणून त्या गाळाच्या मैदानावर एक मोठी फ्लेक्सची कमान उभी केली होती. मी नको म्हटलं होतं. सव्वाचारला वारा सुटला. पाच मिनिटांत कमान आडवी झाली आणि सरपटत पाण्यात गेली. सगळी ज्येष्ठ मंडळी तेव्हा वर झाडीत चहा पीत होती. राहुटीचा पडदासुद्धा हलत नव्हता. सरांनी खाली बघितलं, वर बघितलं आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तलावावर जायचं होतं. ज्यांना जमेल त्यांनी, असं मी जाहीर केलं होतं. पंधरा जण आले तरी खूप, असं मनात धरलं होतं. गुंडेरावकाका पहिल्या पायरीपाशी उभे राहून एकेकाला सोडत होते, एका वेळी दोघं, मध्ये अंतर ठेवून. मी पाण्याजवळ मोजत होते. वीस झाले. चोवीस झाले. अमरावतीच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी पंचविसाव्या. त्यांना पाऊण तास लागला. वाटेत एकही खुर्ची त्यांनी सोडली नाही आणि मुलाचा हात एकदाही धरला नाही. पाण्यापाशी पोचल्यावर चपला काढून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि मागे वळून मुलाला म्हणाल्या, "आता तू ये."

ज्येष्ठांपैकी वर आता एकटे काका उरले. हे काम करताना मी मोठमोठी शिखरं चढलेली माणसं पाहिली आहेत, पण त्या सकाळी मला जे वाटलं ते तेव्हा वाटलं नव्हतं. काका सगळ्यात शेवटी उतरले, ड्युटी संपवून. सव्वीसपैकी सव्वीस. मी त्यांच्याशी हात मिळवला. त्यांनी तो जोरात दाबला.

सरांनी मला शाबासकी दिली नाही. सोमवारी ऑफिसात त्यांनी आमच्या स्वतःच्या राहुट्या शिवून घ्यायचं कोटेशन मागवायला सांगितलं, तेवढं मला पुरलं.

आमच्या नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये आता एक प्रश्न वाढला आहे: जमिनीवर बसल्यावर स्वतः उठता येतं का? या प्रश्नाला जवळजवळ सगळेच 'हो' लिहितात. म्हणून मी प्रत्येकाला फोन करते आणि घरी जेवायला कुठे बसता, खाली की खुर्चीवर, एवढंच विचारते.