पडद्यामागून शिकवलेली चार वाक्यं

निम्म्या शेवया खाटेवर वाळत होत्या आणि निम्मं पीठ परातीत ओल्या फडक्याखाली होतं, तेवढ्यात जलाल मागच्या दारानं आत आला. "चाची, पुण्याच्या मास्तरांचं पत्र आलंय. काय ते आजच कळवा म्हणतात."

जोहराबीनं पिठाचे हात तसेच वर धरले. "वाच."

जलाल तिच्या दिराचा मुलगा, दुकानात मदतीला असायचा. त्यानं पत्र उलगडलं. कागदाच्या माथ्यावर छापलेलं होतं, 'व्यापारी संभाषण वर्ग, प्रमुख सावळेराम मास्तर'. दुकानातल्या माणसांना गिऱ्हाइकाशी कसं बोलावं ते आठ दिवसांत शिकवून देऊ, असा मजकूर होता. सोबत मोठमोठ्या शहरांतल्या सात व्यापाऱ्यांची शिफारसपत्रं जोडलेली होती.

हे प्रकरण सुरू कसं झालं ते आधी सांगायला हवं.

जुन्नरच्या पेठेत वलीभाईंचं कापडाचं दुकान तीन पिढ्यांचं. वलीभाई जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. जोहराबी ओतूरची लेक, मराठी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार. नवरा गेल्यावर पाळायचे इद्दतीचे दिवस संपले तशी तिनं घर आणि दुकान यांच्यामधल्या दाराला जाड पडदा लावला, मागं चटई टाकली आणि तिथं बसून दुकान चालवायला लागली. पाच वेळची नमाज कधी चुकली नाही आणि सकाळी फळ्या उघडायची वेळही कधी चुकली नाही. गिऱ्हाईक तिला दिसत नसे, आवाज तेवढे ऐकू येत. "मला आवाजावरून माणूस कळतो," असं ती म्हणायची. बाई चांगली, दारातून कुणाला रिकामं न पाठवणारी. पण आपल्याला सगळं कळतं याचा तिला अभिमान होता, आणि तो लपवून ही हकीकत सांगता यायची नाही.

त्या वर्षी, म्हणजे छप्पन सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, समोर नवीन दुकान निघालं. काचेची कपाटं, बसायला खुर्च्या आणि दारात एक माणूस दिवसभर हात जोडून "या ताई, या दादा" करत उभा. डोंगराकडच्या लोकांचे लग्नाचे बस्ते पिढ्यान्‌पिढ्या वलीभाईंच्या गादीवर फाडले जायचे. तेच लोक आता बैलगाडी समोर सोडायला लागले.

आणि जोहराबीच्या दुकानात विकायला कोण? तर हौशीराम. तीस वर्षं त्याच गादीवर बसलेला. कापड ओळखण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, पण बोलण्याच्या नावानं शुकशुकाट. गिऱ्हाईक आलं की तो नुसता त्याच्याकडं बघायचा, मग उठून एखादा गठ्ठा सोडायचा. नवख्या माणसाला वाटावं, याला कापड विकायचंच नाही.

पत्र ऐकून झाल्यावर जोहराबीनं त्याला पडद्याजवळ बोलावलं. "हौशीरामभाऊ, बाहेरून शिकवणारा माणूस आणावा म्हणते. तुम्हाला काय वाटतं?"

हौशीरामनं हातातला गज गादीवर ठेवला. मग म्हणाला, "बाहेरूनच आनायचा आसंल भाभी, तर लांब कशापाई? आपल्या पायरीवर साळुबाई बसती की."

साळुबाई कासारीण. वलीभाईंनीच तिला दुकानाच्या पायरीवर बांगड्यांची पाटी मांडायला जागा दिलेली.

"तिच्याकडं बघा यकदा," हौशीराम एरवी महिन्यात बोलायचा नाही एवढं बोलत होता. "रडत आलेली बाई तिच्याकडनं हलकी हून जाती. आन कुनाशी बोलायचं न्हाई, ते बी तिला कळतं."

जोहराबी हसली. मोठ्यानं हसली. "बांगड्या भरणारी बाई माझ्या दुकानाला शिकवणार? उद्या म्हणाल, भाजीवालीला मुनीम करा!"

जलालही हसला. बाहेर पायरीवर बांगड्यांची किणकिण चालली होती, ती तेवढ्यापुरती थांबली. जोहराबीला ते कळलं. कळूनही तिनं जलालला सांगितलं, "मास्तरांना लिही, या म्हणावं."

त्या सात शिफारशींत एकही कापडवाला नव्हता. एक घड्याळांचा व्यापारी, एक औषधांचा, एक सायकलींचा, बाकीचे असेच. बस्ता म्हणजे काय हे त्यातल्या कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. जोहराबीनं ती पत्रं दोनदा हातात घेतली, पण पाहिलं काय, तर छापील नावं आणि गोल शिक्के.

मास्तर आले. कोट, काळी टोपी, हातात कातडी पिशवी. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, चहा दिला तर आभार मानायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो जलाल आणि हौशीरामला समोर उभं करून शिकवायचा. त्यानं पुठ्ठ्यावर चार वाक्यं लिहून दिली. 'या, बसा, दुकान आपलंच आहे.' 'काय शुभकार्य काढलंत?' 'हा रंग घरी खुलून दिसेल.' आणि निघताना, 'पुन्हा या, घरच्यांना घेऊन या.'

"प्रत्येकाला चारही म्हणायची," मास्तर सांगायचे. "आणि चेहरा हसरा."

"यखादा गपच आला तर?" हौशीरामनं विचारलं.

"त्याला बोलतं करायचं."

"आन त्याला बोलायचंच नसंल तर?"

"हौशीरामपंत, नियम तो नियम. माणूस बघून नियम बदलायला लागलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

पायरीवरून साळुबाईचा आवाज आला, "भाऊ, हसा की जरा! दात दुकत्यात का?" पायरीवरच्या बाया फिदीफिदी हसल्या. पन्नाशी उलटलेला हौशीराम शाळकरी पोरासारखा मान खाली घालून "काय शुभकार्य काढलंत, काय शुभकार्य काढलंत" घोकत राहिला.

आठ दिवसांनी मास्तर गेले. जाताना त्यांनी दुसरा पुठ्ठा जोहराबीसाठी दिला आणि सांगितलं, "बाई, आता लक्ष तुम्ही ठेवायचं. एखादं वाक्य राहिलं तर आतून खूण करा." जोहराबीनं खूण ठरवली. किल्ल्यांचा जुडगा चौकटीवर एकदा वाजवायचा. पहिले काही दिवस दुकानात किल्ल्याच जास्त वाजल्या. मग हौशीराम सरावला. समोर गेलेले दोन बस्ते परत आलेही. जोहराबीला वाटलं, बघा, आपण निवडलेला माणूस चुकीचा नव्हता.

रमजान लागला. उन्हाचा कडाका. अकराव्या रोज्याच्या दिवशी, दुपारची नमाज आटोपून जोहराबी चटईवर येऊन बसली तेव्हा दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. दारात बैलगाडी थांबल्याचा आवाज तिनं आधीच ऐकला होता.

"हिरवं लुगडं पायजे," माणूस म्हणाला. आवाज घोगरा, धुळीनं बसल्यासारखा. "आन खन."

डोंगराकडचा दिसतो, हिरवं लुगडं म्हणजे लगीन नाहीतर ओटीभरण, जोहराबीनं मनाशी म्हटलं. तिला आवाजावरून माणूस कळत होता ना.

हौशीरामचा आवाज आला नाही. गठ्ठा सोडल्याचा आवाज आला, लुगडं पसरल्याचा आला. 'या, बसा' झालं नव्हतं. तिनं किल्ल्या वाजवल्या.

"या... बसा," हौशीराम म्हणाला. "दुकान आपलंच हाय."

माणूस बसला नसावा. "ह्येच द्या," तो म्हणाला. भाव विचारला नाही. इतक्या वर्षांत डोंगराकडच्या माणसानं भाव न विचारता लुगडं घेतलेलं तिनं ऐकलं नव्हतं, आणि तरीही तिच्या डोक्यात काही आलं नाही. दुसरं वाक्य राहिलं होतं. तिनं किल्ल्या वाजवल्या.

बाहेर हौशीराम गप्प. तिनं पुन्हा वाजवल्या, जरा जोरात.

"काय... शुभकार्य काढलं?"

कागदाची घडी घातल्याचा आवाज. मग हौशीराम हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला, ते पुठ्ठ्यावरचं नव्हतं. माणूस वळल्याची चाहूल लागली. अजून दोन वाक्यं राहिली होती. जोहराबीनं तिसरं सोडून दिलं, तेवढा मोठेपणा दाखवला, आणि शेवटच्यासाठी जुडगा चौकटीवर असा आपटला की बाहेर बसलेल्या जलालनंही वळून बघितलं.

"पुन्ना या," हौशीराम म्हणाला. आवाज फाटला होता. "घरच्यास्नी घिऊन या."

माणूस थांबला. रागावला नाही, हेच पुढं जोहराबीला सगळ्यात जड गेलं. नुसतं म्हणाला, "ती बाहीर गाडीत निजलीया, भाऊ. तिला आता कुठनं आनू पुन्ना?"

तेव्हा जोहराबीनं आवाज ओळखला. सोमाजी. सोमाजीच्या बापाचा बस्ता तिच्या सासऱ्यानं फाडला होता, सोमाजीचा वलीभाईंनी. त्याची बायको अंबाबाई बाजाराला आली की मागच्या दारी येऊन पाणी प्यायची आणि शब्दाविना हसायची. सोमाजी तिला दवाखान्यात घेऊन निघाला होता, पण ती वाटेतच गेली. नवऱ्याआधी गेलेली सवाष्ण, म्हणून तिला हिरवं लुगडं.

जोहराबीला हे माहीत नव्हतं थोडंच? लग्नालाही हिरवं आणि असल्या वेळीही हिरवं. वलीभाईंच्या दुकानाची रीतच होती. असं गिऱ्हाईक आलं की विचारायचं काही नाही, वर बघायचं नाही, पहिलं हाताला लागेल ते चांगलं लुगडं द्यायचं आणि 'या' म्हणायचं नाही. ही रीत तिनं आतल्या घरातून वर्षानुवर्षं ऐकली होती. हौशीरामच्या गप्प बसण्यात ती होती.

चार वर्षांत पहिल्यांदा जोहराबीनं भर दुकानाच्या वेळी पडदा सारला. दारात गाडी होती. गाडीत घोंगडीखाली अंबाबाई. आणि साळुबाई चाकावर पाय देऊन वर वाकलेली, अंबाबाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती. जिवंत बाईला भराव्या तशाच, दुखू नये म्हणून बोटं जवळ धरून, एकेक. तोंडानं एक शब्द नाही. सोमाजी गाडीचं जू धरून उभा होता.

जोहराबीला पुढं जाता आलं नाही आणि मागंही. गाडी निघून गेली.

हौशीराम गादीवर पाठमोरा बसला होता. "मला दिसलं व्हतं, भाभी," तो म्हणाला. "तोंड बघितल्या बघितल्या कळलं व्हतं. पन किल्ल्या वाजल्या."

त्यानं दोष दिला नाही. दिला असता तर तिला निदान उत्तर देता आलं असतं. त्या संध्याकाळी तिनं खजुरानं रोजा सोडला. दुआला हात उचलले आणि काय मागावं ते सुचेना. माफी मागायची तर ती आधी कुणाकडं मागायची, हे तिला कळत होतं, म्हणूनच हात तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती बुरखा घेऊन कासार आळीत साळुबाईच्या घरी गेली. साळुबाई ओसरीवर पाटी लावत होती.

"या भाभी, बसा," साळुबाई म्हणाली आणि लगेच, "घर आपलंच हाय. काय शुभकार्य काढलंत?"

जोहराबीचं तोंड उतरलं. साळुबाईनं तिच्याकडं नीट बघितलं आणि पाटी बाजूला सारली. "ऱ्हावू द्या. बसा खरंच."

"साळुबाई, त्या दिवशी मी तुम्हाला हसले."

"हसलात. ऐकलं मी."

"तुम्ही ऐकलंत हे मला माहीत होतं."

जोहराबीच पुढं म्हणाली, "तुम्ही याल का दुकानात? माझ्या माणसांना शिकवायला?"

"मी काय शिकवनार? मी हात धरून बोलते. तुमची मानसं कुनाचा हात धरत्याल?" ती जराशी हसली, मग हसू गेलं. "आन हौशीरामभाऊला काय शिकवायचं, भाभी? त्याला येत व्हतं. तुमी ते पुसून वर चार वळी लिवल्या."

जोहराबी खाली बघत राहिली. ओसरीच्या सारवणावर बांगड्यांचा हिरवा चुरा पडलेला होता.

"जलालला पायजे तर पाठवा माझ्यापाशी," साळुबाई म्हणाली. "पायरीवर बसू द्या आठ दिस. बोलायचं काय न्हाई, बघायचं. येनारीचं तोंड बघायचं. जमलं तर जमलं."

"आणि सोमाजी?"

"सोमाजीचं मला काय इचारता?"

"माझ्यामुळं त्याला ते ऐकावं लागलं. हौशीरामभाऊ म्हणतात मी जाऊन येतो. पण बोलले ते, बोलायला लावलं मी."

"मंग तुमीच जा."

"जाऊन बोलू काय?"

"त्ये बी मास्तरला इचारता का?" साळुबाई फटकन म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तिथं गेल्यावर सुचंल. न्हाई सुचलं तर बसून ऱ्हावा. बायामान्सात बसा, त्येची म्हातारी आय हाय घरात. पन दहाव्यापर्यंत थांबू नका. तवर मानूस सतरांदा आठवतं, दुकानात काय ऐकलं त्ये."

जोहराबी उठली. येताना वाटेत तिला वाटत होतं, पेठेतलं प्रत्येक माणूस आपल्याकडं बघतंय. कुणी बघत नव्हतं. समोरच्या दुकानाचा माणूस दारात हात जोडून उभा होता, त्यानं तिलाही "या ताई" म्हटलं.

दुकानात गेल्यावर तिनं दोन्ही पुठ्ठे उचलून चुलीत घातले. हौशीरामला म्हणाली, "भाऊ, आजपासून तुम्हाला वाटेल तसं." त्यानं मान हलवली. खुश झाला की नाही, कळलं नाही. त्याच्या तोंडावरून ते कधीच कळत नसे, आणि ती त्याच्या तोंडाकडं बघायलाही शिकली नव्हती.

मग तिनं जलालला स्टँडवर जाऊन गाडीची वेळ विचारून यायला सांगितलं. उद्या पहाटे रोज्याआधीची सहरी करून सकाळच्या एस्टीनं आपटाळ्याला उतरायचं आणि तिथून पायी सोमाजीच्या वाडीला जायचं.