राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले त्या सकाळी

सिंगापुरात टॅम्पिनीसच्या एका बँकेत हिशेब तपासणाऱ्या निशिगंधाने राजकारणाला घरात कधी थाराच दिला नव्हता. आणीबाणीत तिच्या वडिलांना, सांगलीच्या एका शाळामास्तरांना, भरल्या ताटावरून उठवून नेलं होतं. ती तेव्हा चार वर्षांची. दीड वर्षाने ते सुटून आले, पण त्याविषयी घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. सिंगापूरची शांतता तिला म्हणूनच मानवली होती.

आणि लेक इरा नेमकी दक्षिण कोरियात, सोलला शिकायला गेली. डिसेंबरात तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अचानक लष्करी कायदा पुकारला, संसदेत सैनिक घुसले. खासदारांनी काही तासांतच तो हाणून पाडला. पण सकाळी बातमी वाचून निशिगंधाला वडिलांचं ते भरलं ताट आठवलं. तिने तडक इराला फोन लावला.

"मिळेल त्या विमानाने घरी ये."

"आई, आय ॲम ओके ला," इरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "मिटलंय सगळं. परीक्षा आहे माझी."

"असलं काही मिटत नसतं. तुला नाही कळायचं."

"मग कळेल असं सांग ना!"

निशिगंधाने फोन ठेवून दिला.

त्यानंतर मायलेकींचं बोलणं 'जेवलीस का, थंडी आहे का' एवढ्यावर आलं. संसदेने महाभियोग मंजूर केला आणि फैसला घटना न्यायालयाकडे गेला. तो लांबत चालला तशी न्यायाधीशांत फूट पडल्याची कुजबुज सुरू झाली. निशिगंधाला नवल वाटलं नाही. एवढ्या मोठ्या खुर्चीला कोण हात लावणार?

एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी तिने काम बाजूला सारलं आणि ऑफिसच्या पॅन्ट्रीत मोबाइल उघडला. न्यायाधीश संथपणे वाचत होते, खाली इंग्रजी ओळी सरकत होत्या. संसदेत सैन्य पाठवून घटनेचा भंग केला. राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर करण्यात येत आहे. निकाल एकमताने.

ती स्टूल ओढून बसली. डोळे कधी भरून आले तिला कळलंच नाही.

तेवढ्यात इराचा फोन. मागे नुसता कल्ला.

"आई, बघितलंस? आमच्या घरमालकीणबाई रडतायत काय, हसतायत काय! मला सोडतच नाहीयेत!"

"बघितलं गं." निशिगंधाला हसू फुटलं. मग ती म्हणाली, "इरा, तुझ्या आजोबांना पोलिसांनी नेलं होतं."

"काय? का?"

"सांगते. वेळ आहे ना तुला?"

कॉफी न्यायला माणसं येत-जात होती. निशिगंधा बोलत राहिली.

जूनमध्ये सोलला नव्याने निवडणूक झाली तेव्हा ती लेकीकडेच होती. मत देऊन आलेल्या घरमालकीणबाईंनी थंडगार नूडल्सचे वाडगे पुढे ठेवले. त्या काय म्हणाल्या ते इराने मराठीत सांगितलं: "डिसेंबरात गेलेला विश्वास अजून पुरता परतलेला नाही. राष्ट्राध्यक्षांचे अधिकार आता कमी करायला हवेत, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. नवा येईल, त्याच्यावरही आम्ही डोळा ठेवू."

"ठेवाच," निशिगंधा म्हणाली, आणि वाडगा जवळ ओढून पोटभर जेवली.