रुमालाला सीट मिळत नाही

नाशिकमधला सर्वांत धडधाकट पेशंट कोण, असं गोदावरीच्या पुलावर उभं राहून ओरडून विचारा; दोन्ही काठांवरून एकच उत्तर येईल, आमच्या खालच्या मजल्यावरचे कंडक्टरसाहेब. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, बायको जाऊन दोन. त्या दोन वर्षांत पंचवटीतल्या भाजीबाजारामागच्या दवाखान्यात त्यांनी रविवार सोडून एक खाडा केला नाही, आणि एवढ्या तपश्चर्येनंतरही डॉक्टरीणबाईंना त्यांच्यात साधी सर्दी सापडली नाही. माझ्याकडे साखर आहे, ब्लडप्रेशर आहे, दोन्ही गुडघे आहेत. सगळा अस्सल माल! पण मी तासभर कण्हलो तरी शेजारचा मान वळवत नसे, आणि यांनी नुसती जांभई दिली की दहा जण विचारायचे, "काय बाबा, झोप नाय झाली का?" माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

सकाळी नऊला कंपाउंडर नंबरांचे पितळी बिल्ले वाटायचा. पहिला बिल्ला यांचा, आणि आत जाण्यात शेवटचेही हेच. "कंडक्टर कधी पॅसेंजरच्या आधी उतरतो का?" म्हणत ते आपली पाळी कधी अवघडलेल्या बाईला देत, कधी खोकणाऱ्या म्हाताऱ्याला. येवल्याच्या गाडीवर तीस वर्षं काढलेला आवाज तो, दवाखान्यात "पुढे सरका!" म्हणाले की बाहेर रस्त्यावरच्या रिक्षा चार फूट पुढे जात. पेशंट आत गेला की हे खुर्चीच्या दांड्यावर बिल्ला दोनदा ठोकत. टण् टण्, जाऊ द्या! ती डबल बेल झाल्याशिवाय बाईंचा स्टेथोस्कोप सुरूच होत नसे, असं माझं प्रामाणिक मत आहे. पालेभाजीवाली मावशी त्यांना मेथीची जुडी आणायची. मला आजवर कोथिंबिरीची काडी मिळालेली नाही. दुपारी एकला ते आत जात, बाई म्हणत, "काका, एकदम ठणठणीत!" आणि हे निकाल लागून नापास झाल्यासारखे बाहेर येत. "उद्या परत दाखवतो."

एकदा जिन्यात मी खवचटपणे विचारलं, "काही होत नाही, तर रोज जाता कशाला?"

ते किल्ली शोधत होते. म्हणाले, "घरात 'पुढे सरका' म्हणायला कुणी नाही हो."

वरच्या मजल्यावर माझ्या घरातही तीच गर्दी होती. त्यामुळे मी आणखीच चिडलो.

चिडून मीही रोज जायला लागलो. निवृत्त हेडक्लार्क मी, रांगेचा मला काही कमी अनुभव नाही. पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीवर रुमाल टाकून पाणी प्यायला गेलो. परत येतो तर साहेबांनी माझा रुमाल मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरलेला. "रुमालाला सीट मिळत नाही! माणूस पाहिजे, माणूस!" तीस वर्षांत खिडकीतून बाहेर फेकलेल्या रुमालांत एका गावाचे कपडे झाले असते, अशी पुस्तीही जोडली. सगळा दवाखाना हसला. मावशी तर जुडी सोडून हसली. मी त्याच दिवशी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढे श्रावणात मला ताप भरला. असा की उशीवर भाकरी भाजावी. तीन दिवस पडून होतो. मुलगा बंगळुरात, त्याला फोनवर "मजेत आहे" म्हणालो. कुणीतरी येईल म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं होतं. जिन्यात पावलं वाजायची, थांबायची, खाली जायची. दवाखान्यात माझ्या नसण्याची कुणी दखल घेतली असेल का, एवढा एकच विचार तापापेक्षा जास्त जाळत होता.

चौथ्या दिवशी, आता निदान आजार तरी दाखवू, म्हणून थरथरत गेलो. दवाखाना तुडुंब. लोक भिंतीला टेकून उभे. आणि खिडकीजवळची खुर्ची रिकामी! तिच्यावर चौकड्यांचा मोठा रुमाल.

मावशी कडाडली, "आले का! बाबा, घ्या तुमचा माणूस! चार दिस झाले, बाबा लय भांडले सगळ्यांशी. त्या रुमालाला हात लावू देईनात कुणाला."

रुमाल कंडक्टरसाहेबांचा होता. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा."

"वर का नाही आलात?"

"दोनदा आलो. पण तुम्ही बोलत नव्हता. दारासमोर उभा राहिलो आणि कळेना, बेल किती वाजवायची. एक दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते."

भरल्या एसटीत वाघ असलेला माणूस एका दारापुढे असा घाबरला. दार नुसतं लोटलेलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्या दिवशी त्यांचा एक नंबरचा बिल्ला माझ्या हातात आला, आणि डबल बेल वाजली ती माझ्यासाठी.

दिवाळीनंतर लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. परवा फोन आला. "इथं नंबर मोबाइलवर येतो. गेलं की लगेच आत. बसायलाच मिळत नाही हो!" आवाज एवढा बारीक की मी फोन कानात खुपसला.

दवाखान्यात मी अजून जातो. सगळे आल्या आल्या मला विचारतात, पण काय, तर "बाबा कधी येणार?" गेले तरी चौकशी त्यांचीच! मेथीची जुडी मात्र हल्ली माझ्याकडे येते. खिडकीजवळच्या खुर्चीवर मी माझा रुमाल टाकतो आणि शेजारी बसतो. नवा पेशंट विचारतो, "इथं कोण आहे?"

"आहेत एक," मी म्हणतो. "खाली चहाला उतरलेत."