विनायकने रुंद मॉनिटर घेतला

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. माझ्या माळ्यावर बंद पडलेले कीबोर्ड साठलेत, तसेच. फेकायला काढले की वाटतं, राहू दे, पडून पडून काय खातायत!

माझं दुकान रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला. पाटीवर 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती' असं आहे. विक्री संपली. सगळे ऑनलाईन घेतात आणि वस्तू घरात येऊन बंद पडली की मग त्यांना माझी आठवण होते. गिऱ्हाइकांपेक्षा नुसते बसायला येणारे जास्त. त्यातले कायमचे तिघे: सरकारी कचेरीतला क्लार्क विनायक भाटकर, लोट्याच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले मयेकर आणि वीस वर्षं कतारात काढून परतलेले रशीदभाई. तिघांना कॉम्प्युटरमधलं काहीही कळत नाही. सल्ला मात्र तिघेही देतात, आणि मलाच देतात!

तर विनायकने मॉनिटर घेतला, त्याची ही गोष्ट.

*

आधी तो का घेतला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा गाढवपणा नुसताच गाढवपणा वाटेल.

विनायकचा मुलगा ओंकार. दोन वर्षांपूर्वी त्याने सरकारी नोकरीच्या परीक्षांचा नाद सोडला आणि पुण्याला कुठल्याशा कंपनीत गेला. निघताना भांडण झालं. विनायक दारात उभा राहून म्हणाला, "आता मला तोंड दाखवू नकोस!"

पोरगाही भाटकरच. तोंड दाखवत नाही आणि उघडतही नाही. आईशी फोनवर तासभर बोलतो, बापाचा फोन उचलत नाही. एकच गोष्ट शिल्लक राहिली. लहानपणापासून दर रविवारी चार वाजता बापलेक कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळायचे. ती मात्र पुण्याहून चालू राहिली. विनायक माईकवर बोलत राहतो, "जेवलास का रे? पाऊस आहे का तिकडे?" आणि ओंकार टाइप करतो, "हो." "नाही." "ब्रेक." बस्स.

एका रविवारी विनायकने त्याच्या गाडीला बाजूने धडक मारली. ओंकारने टाइप केलं, "बाजूची गाडी दिसत नाही का तुम्हाला?"

दोन वर्षांत मुलाने लिहिलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. तेवढ्यावर या माणसाने चौतीस इंची रुंद मॉनिटर मागवला!

*

मागवण्यापूर्वी सल्लामसलत झाली. माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्च्यांवर बसून, मला सोडून.

रशीदभाई म्हणाले, "घे रे. तिकडं आमच्या कंपनीत वॉचमनच्या केबिनीत याच्यापेक्षा मोठा होता."

मयेकरांना प्लांटशिवाय काही दिसत नाही. ते म्हणाले, "रुंदी वाढली की लोड वाढला. पण मशीन जुनं असलं म्हणून काय झालं? आमचा बॉयलर माझ्याहून म्हातारा होता."

मी म्हटलं, "विनायक, तुझा पीसी आठ वर्षांचा आहे. तोही चिपळूणहून जुना घेतलेला. त्याला हा मॉनिटर झेपणार नाही."

"पुरातून वाचलेला पीसी आहे तो," विनायक छाती काढून म्हणाला. "त्याला काय होतंय!"

पुरातून वाचणं हा कॉम्प्युटरचा गुण असतो हे मला त्या दिवशी कळलं.

*

मॉनिटर आला. खोका एवढा लांब की रिक्षात आडवा घातला तर दोन्हीकडून बाहेर. कुरियरवाल्याने तो माझ्या दुकानात टाकला आणि पळाला. मग एका बाजूने विनायक आणि दुसऱ्या बाजूने साठी उलटलेले मयेकर, असे ते चढावाने चालत निघाले. वाटेत निम्म्या आळीने विचारलं, आणि विनायकने निम्म्या आळीला इंच सांगितले.

मी बरोबर येतो म्हटलं, तर मला म्हणाला, "तू कशाला? वायर तर लावायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत दारात हजर. "चल. चित्र फाकलंय."

जाऊन बघतो तर पीसीच्या मागच्या जुन्या निळ्या वायरीला एक कन्व्हर्टर, त्याला दुसरा, त्याला तिसरा, आणि मग मॉनिटर. मॉनिटरबरोबर आलेली नवीकोरी वायर पिशवीसकट कपाटात. "खराब होईल म्हणून ठेवली," म्हणाला. पडद्यावर ओंकारच्या मुंजीचा फोटो होता. त्यात बटू दरवाजाएवढा रुंद झालेला आणि मागचे भटजी सोफ्यासारखे पसरलेले.

"छान दिसतंय की," माझ्या मागोमाग आलेले मयेकर म्हणाले. "सगळे खात्यापित्या घरचे वाटतात."

*

मी पीसी पुढे ओढला. मागे बघितलं आणि टॉर्च लावून परत बघितलं.

त्या पीसीत चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं. गेम चालवायला जे लागतं ते. आणि त्याच्या भोकांवर कंपनीने धूळ जाऊ नये म्हणून लावलेल्या प्लास्टिकच्या टोप्या जशाच्या तशा होत्या! वायर लावलेली दुसरीकडे. म्हणजे एवढी वर्षं कार्ड आत नुसतं बसून होतं.

"ह्या टोप्या का नाही काढल्यास?"

"सील आहे ते. काढलं तर वॉरंटी जाते ना?"

त्याच्या घरात सोफ्यावरचं प्लास्टिक अजून आहे. रिमोट पिशवीत आहे. फ्रिजच्या दारावरचा स्टिकर आहे. हे माहीत असून मी त्याला प्रश्न विचारला, चूक माझीच.

"अरे, ते कार्ड आठ वर्षं काही काम न करता आत बसलंय!"

सुलभावहिनी, म्हणजे विनायकची बायको, चहा घेऊन आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "यांच्याच कचेरीतलं असेल."

*

टोप्या काढल्या, कपाटातली वायर आणून लावली. चित्र सरळ झालं. भटजी बारीक झाले. विनायक एवढा खूश, की त्याने लगेच वहिनींची मालिका लावून दिली.

मालिका मध्ये आणि दोन्ही बाजूंना वीतवीत काळ्या पट्ट्या. वहिनींनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हे बाजूचं काळं कसलं?"

"ते तसंच असतं," विनायक म्हणाला. "मालिका जुन्या मापाच्या असतात."

"म्हणजे टीव्हीएवढंच चित्र, आणि जास्तीचं नुसतं काळं. ते बघायला एवढा मोठा आणलात होय!"

एवढं नेमकं परीक्षण मी कुठल्या यूट्यूबवाल्याकडून ऐकलेलं नाही.

*

रविवारी चार वाजता पहिली शर्यत. मयेकर आणि रशीदभाई प्रेक्षक म्हणून खुर्च्या घेऊन बसलेले. मीही होतो. मला बोलावलं नव्हतं, पण पुढे काय होणार ते मला माहीत होतं आणि ते बघायचं होतं. असा माझा स्वभाव आहे.

मोटारी सुटल्या, विनायकने गिअर टाकला, आणि पीसी फट्कन बंद.

चालू केला. शर्यत लावली. फट्कन बंद.

"ट्रिप होतंय," मयेकर उठून उभे राहिले. चेहऱ्यावर तीस वर्षांच्या शिफ्टचं तेज. "गरम झालं असणार. कूलिंग द्या!" त्यांनी कॅबिनेटची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. आत चिपळूणच्या पुराचा वाळलेला गाळ आणि पालीची दोन अंडी होती. फॅन लागल्याबरोबर गाळ उडाला तो सगळा रशीदभाईंच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"चिपळूणची वाशिष्ठी नदी रत्नागिरीला आली," रशीदभाई सदरा झटकत म्हणाले.

तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा मला कळलं. आतला पॉवर सप्लाय कमकुवत, आजवर आराम करणारं कार्ड आता करंट ओढणारं, आणि त्यात स्वयंपाकघरात वहिनी रात्रीच्या सुरमईचं वाटप मिक्सरला लावत होत्या. मिक्सर फिरला की पीसी मेला!

विनायक तिथूनच ओरडला, "सुलभा, चार ते पाच मिक्सर बंद!"

आतून उत्तर आलं, "मग रात्री तुमचा गेम वाढते ताटात."

*

मी दुकानातून दणकट पॉवर सप्लाय आणून बसवला. पुढच्या रविवारी पीसी बंद पडला नाही. पण गाडी चालेना. एवढा रुंद पडदा भरायचा म्हणजे त्या जुन्या कार्डाला धाप लागली. चित्र एक-एक करून पुढे सरके. ओंकारच्या दोन फेऱ्या झाल्या तरी विनायक पहिल्याच वळणावर.

विनायक माईकवर सारखा म्हणत होता, "आलो आलो, थांब हां, आलो."

ओंकारने टाइप केलं, "गाडी उभीच आहे तुमची."

मग आलं, "पुढच्या रविवारी नाही जमलं तर राहू द्या. बंद करू."

विनायकने ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग चष्मा पुसला. मयेकरांनाही प्लांटमधलं काही आठवलं नाही. मला एरवी विनायकचा राग येतो. त्या दिवशी आला नाही.

पण माणूस सुधारतो थोडाच! मी म्हटलं, "चित्र लहान करून मधल्या भागात खेळ. आत्ता चालेल, या क्षणी."

"छ्या! मग रुंद कशाला घेतला? बाजूची गाडी कशी दिसणार?"

शेवटी मी गेममधल्या सगळ्या सेटिंग्ज तळाला नेल्या. झाडं गेली. ढग गेले. प्रेक्षक गेले, सावल्या गेल्या, रस्त्याकडेची घरं गेली. राहिला एक राखाडी रस्ता आणि दोन्ही बाजूंना पसरलेलं पिवळं रण. पण गाडी पळायला लागली!

रशीदभाई पुढे वाकून बघत राहिले. "अरे," ते म्हणाले, "हा तर आमच्या कंपनीचा रस्ता."

*

आता शेवटचा रविवार. जमलं तर जमलं, नाहीतर कायमचं बंद.

मी साडेतीनला पोचलो. सगळं तपासलं, गेम उघडून ठेवला, माईक जागेवर आहे ना बघितलं. वळतो तो काय, मयेकर सोवळं नेसून उभे! हे लोट्याला तीस वर्षं केमिकल हाताळत होते, पण गावात ते देवळाचे मानकरी. शिमग्याला सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात, आणि त्यांनी गाऱ्हाणं घातल्यावर देवाची नाही म्हणायची टाप नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

"एवढं सगळं केलं, पण देवाला सांगितलं कुठं?" ते म्हणाले. "नवीन वस्तू घरात आली, नारळ ठेवला का?"

विनायकचा चेहरा असा झाला, की मूळ बिघाड आता कुठे सापडला. वहिनी हळदकुंकवाचं तबक घेऊन आल्या. मयेकरांनी कुंकवात बोट बुडवलं आणि पडद्याकडे नेलं.

"खबरदार!" मी ओरडलो. "पडद्याला बोट लावाल तर! डाग जायचा नाही!"

चर्चा झाली. वॉरंटीसाठी विनायकने खोका जपून ठेवला होता. तो आणून मॉनिटरशेजारी उभा केला आणि हळदकुंकू, अक्षता, फूल सगळं खोक्याला वाहिलं. पुठ्ठ्याची पूजा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. नारळ कीबोर्डसमोर ठेवला. आम्ही सगळे हात जोडून उभे, आणि मयेकरांनी देवळात लावतात तो आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! भाटकराच्या घरात नवा पडदा आलाय. त्यानं तुज्यासमोर नारळ ठेवलाय, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. रशीदभाई सगळ्यांत मोठ्याने.

"पडदा नवा नि डबा जुना. दोघांचं पटत नाय. डब्याला बळ दे, पडद्याला दम धरायला सांग, नि करंट सरळ ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो दुकानदार नुसता लोकांना हसतो. त्याला थोडी अक्कल दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी वहिनींचा आवाज सर्वांच्या वर. मी गप्प होतो.

मयेकर थांबले. त्यांनी डोळे मिटले. आवाज खाली आला.

"आनि म्हाराजा, ह्यो बाप एकदा नको तें बोलून बसला. त्याच्या मनात तसं काय नवतं. दोन वर्सं झाली, तो रोज मनातल्या मनात ते शब्द मागं घेतोय, पन त्याला पोराला सांगता येत नाय. पोरगा गुणाचा आहे. त्याचा राग काढ, नि त्याच्या तोंडून बापाला एक तरी शबुद ऐकव रे म्हाराजा!"

आता आम्ही म्हणायला हवं होतं. कोणाला जमेना. विनायक खाली मान घालून नारळाकडे बघत होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला. रशीदभाई खिडकीबाहेर बघत होते. मी मान वळवली ती नजर पडद्याकडे गेली. चार वाजून गेले होते. माईक नेहमीसारखा चालूच होता, आणि गेममध्ये ओंकारच्या नावापुढे हिरवा दिवा लागलेला होता.

स्पीकर खरखरला आणि पुण्याहून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"